कोनाड्यांतील डबा

नवें ज्ञान हें नव्या जांवयासारखें असतें. पहिल्या दिवाळसणाला त्याचें कौतुक करण्यांत सारें घर इतकें गुंतलेलें असतें, कीं त्याचा स्वभाव पाहण्यास कोणालाच सवड होत नाहीं. तो ओळखूं येतो पुढें, दोनचार संक्रांती लोटल्यावर. आणि तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. ही उपमा आम्हांस सुचली ती अवसरीच्या आमच्या जुन्या घरांत, माजघरांतील एका कोनाड्यासमोर उभे असतां; आणि ती सुचली तेव्हां आम्हांस हंसूं आलें नाहीं.

अवसरी बुद्रुक हें पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याचें गांव. पुणें-नाशिक रस्त्यानें मंचरला जावें. तेथून गांव फार लांब नाहीं. शेजारीं अवसरी खुर्द. तेथें आतां सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय झालें आहे, आणि आमच्या लहानपणीं जेथें दुपारीं चिटपांखरूं दिसत नसे तेथें आतां चहाच्या टपऱ्यांवर पोरांचे थवे दिसतात. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें, साखर कारखाना आला, आणि बाजरी-मठाच्या मुलखांत ऊंस, बटाटा व कांदा यांचें राज्य सुरू झालें. गांव सोडून आम्हांस पस्तीस वर्षें होऊन गेलीं. पुण्यास येऊन आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकलों, तेंच शिकवूं लागलों, आणि तेथलेच झालों. थोरले बंधू मात्र गांवींच राहिले. आमच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपलें शिक्षण दहावीवर सोडलें, ही गोष्ट ते कधीं बोलून दाखवीत नाहींत, आणि आम्ही ती कधीं विसरत नाहीं. निदान विसरत नाहीं असा आमचा समज होता.

तीन वर्षांमागें थंडीच्या दिवसांत शेताला पाणी देण्याची त्यांची पाळी रात्रीची होती. वीज रात्रीं येते म्हणून शेतकऱ्यानें रात्रीं जागावें, हें आमच्या भागांत नवें नाहीं. पहांटे दादा घरीं आले ते छातीवर हात धरूनच. "पित्त झालं असेल," असें म्हणून त्यांनीं ओवा चघळला. वहिनी शहाण्या, त्यांनीं वाद न घालतां पुतण्यास मोटार काढावयास लावली. मंचर आणि तेथून पुणें असा प्रवास होऊन दादा रुग्णालयांत पोंचले. हृदयास रक्त पुरविणारी एक धमनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनीं ती फुग्यानें उघडून तींत जाळी बसविली. आठ दिवसांनीं दादा गांवीं परतले ते औषधांचें एक गांठोडें घेऊन, आणि सदऱ्याच्या खिशांत जिभेखालीं ठेवावयाची गोळी बाळगून.

हृदयविकाराचें माणूस ज्या घरांत आहे त्या घराला या 'सॉर्बिट्रेट'च्या गोळीची ओळख करून द्यावयास नको. देवघरांतील अंगाऱ्याप्रमाणें ती उशाशीं असते, आणि प्रवासास निघतांना चष्म्याच्या आधीं तिची आठवण होते. परंतु या इवल्याशा गोळीच्या कुळाची कथा मोठी चमत्कारिक आहे. १८४७ सालीं इटलींतील सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव तयार केला. त्याचा अंश जिभेवर ठेवून पाहतां त्याचें डोकें विलक्षण ठणकूं लागलें. स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलनें तोच द्रव एका प्रकारच्या मातींत जिरवून १८६७ सालीं डायनामाइट बनविलें, आणि त्यावर अपार संपत्ति मिळविली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं लॉडर ब्रंटन या ब्रिटिश वैद्यानें अमिल नायट्राइट हुंगविल्यास हृदयाची कळ थांबते असें प्रसिद्ध केलें. आणि १८७९ सालीं विल्यम मरेल यानें नायट्रोग्लिसरीनच्या अत्यल्प मात्रेचाहि तोच गुण दाखवून दिला. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांचें डोकें सोमवारीं दुखे. आठवडाभरांत शरीरास त्या वाफेची संवय होऊन दुखणें थांबे. आणि सुट्टीनंतर पुन्हा सोमवार उजाडला कीं तोच प्रकार. कित्येकांच्या छातींत तर सुट्टीच्याच दिवशीं कळ येई. पुढें खुद्द नोबेलला हृदयविकार जडला, आणि वैद्यांनीं त्यास औषध सांगितलें तें नायट्रोग्लिसरीनच! दैवाच्या या थट्टेविषयीं त्यानें १८९६ सालीं आपल्या सहकाऱ्यास पत्रांतून लिहिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला.

हें औषध गुण देतें हें ठाऊक होतें. तें कां गुण देतें हें कळावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. १९७७ सालीं फेरिड मुराद यांनीं दाखविलें, कीं या जातीच्या औषधांपासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सुटतो, आणि तो रक्तवाहिनीच्या भिंतींतील स्नायु सैल करतो. हा वायु म्हणजे नायट्रोजनचा एक परमाणु आणि ऑक्सिजनचा एक. मोटारीच्या धुरांतहि तो असतो. दंतवैद्य वापरतात तो हंसविणारा वायु निराळा. १९८० सालीं रॉबर्ट फर्चगॉट यांनीं सशाच्या महारोहिणीवर प्रयोग करतांना दुसरी गोष्ट पाहिली. रक्तवाहिनीच्या आंतल्या बाजूस एका पेशीइतक्या जाडीचें अस्तर असतें. तें शाबूत असेल तर विशिष्ट द्रव्य घालतांच वाहिनी सैल होते. अस्तर घांसून निघालें असेल तर होत नाहीं. म्हणजे हें अस्तर कांहींतरी निरोप धाडीत असलें पाहिजे. तो निरोप्या कोण? १९८६ मध्यें फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनीं तो नायट्रिक ऑक्साइड असावा असें प्रतिपादिलें, आणि पुढच्याच वर्षीं लंडनकडील साल्वाडोर मोंकाडा यांच्या प्रयोगांनीं त्यास बळकटी आली. ज्या वायूस आपण धुरांतला विषारी पदार्थ समजत होतों तो आपल्याच धमन्यांत क्षणोक्षणीं जन्मतो, कांहीं सेकंद जगतो, आणि तेवढ्यांत रक्ताची वाट रुंद करून जातो! शेताला पाणी देतांना जो मनुष्य दारें धरतो त्याचेंच हें काम. १९९८ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांस मिळालें. नोबेलनें ज्या औषधाची थट्टा मानली, त्याच औषधाचें कोडें सोडविणाऱ्यांचा त्याच्याच पैशानें गौरव झाला.

ही कथा आम्हीं वाचली तेव्हां आम्ही मोहून गेलों. वाङ्मय शिकविणाऱ्यास कथेचा मोह लवकर पडतो, आणि शेवट गोड असला म्हणजे पुढचें पान उलटण्याची बुद्धि होत नाहीं. कथेंत एक उपकथानकहि होतें. अस्तरांतील पेशी हा वायु कशापासून बनवितात? तर आर्जिनिन नांवाच्या अमिनो आम्लापासून. हा शोध १९८८ चा. प्रथिनें ज्या वीसएक विटांनीं बांधलेलीं असतात, त्यांतील ही एक वीट. आतां तर्क किती सोपा पहा. आर्जिनिन हा कच्चा माल, वायु हा पक्का माल. कच्चा माल वाढवा, पक्का माल वाढेल. दारें सताड उघडतील, आणि रक्त झुळझुळ वाहूं लागेल. जो तर्क अगदींच सोपा असतो तो खोटा असेल अशी शंका सुशिक्षितांस सहसा येत नाहीं.

त्यांत, अशा भुकटीचे डबे बाजारांत मिळतातच. व्यायामशाळेंत जाणारे तरुण दंड फुगावेत म्हणून ती घेतात. आणि आतां प्रौढांसाठींहि, तांबड्या हृदयाचें चित्र काढलेले, निराळे डबे निघाले आहेत. आम्हीं असा एक डबा घरपोंच मागविला. किंमत बरीच होती, आणि खरें सांगावयाचें तर ती बरीच होती म्हणूनच आम्हांस समाधान वाटलें. पुढच्या रविवारीं तो घेऊन आम्ही अवसरीस गेलों. संध्याकाळीं ओट्यावर बसून दादांस सोब्रेरोपासून १९९८ पर्यंतचा सारा इतिहास सांगितला. दादा आमचें बोलणें नेहमींच मन लावून ऐकतात. धाकट्या भावास शिकविल्याचें सार्थक ते बहुधा अशा वेळीं मोजून घेत असावेत. सारें ऐकून ते म्हणाले, "म्हणजे विहिरींत पाणी ओतलं कीं मोट जास्त चालते, असंच ना?"

आम्हीं म्हटलें, "साधारण तसंच."

"विहीर भरली म्हणून बैल तरणे होत नाहींत रे," दादा हंसून म्हणाले. "पण तूं आणलीस म्हणून घेतों."

आम्हीं वहिनींस चमच्याचें माप समजावून दिलें: सकाळ, दुपार, रात्र, तीन-तीन ग्रॅम. वहिनींनीं डबा कोनाड्यांत ठेवला. त्या कोनाड्यांत आधींच एक वस्तु होती. ती आम्हीं पाहिली. आम्ही कांहीं बोललों नाहीं. तिच्याविषयीं पुढें सांगूं.

सुमारें दोन महिन्यांनीं दादांस सकाळीं अंथरुणावरून उठतांना भोंवळ येऊं लागली. मंचरच्या डॉक्टरांकडे तपासणीस गेले असतां त्यांनीं विचारलें, "दिलेल्या औषधांखेरीज आणखी कांहीं घेतां काय?" दादांनीं खरें तें सांगितलें. डॉक्टरांनीं डबा आणावयास सांगितला, त्यावरचा मजकूर वाचला, आणि विचारलें, "हें कोणीं दिलं?"

"धाकटा भाऊ पुण्याला प्राध्यापक आहे," दादा अभिमानानें म्हणाले.

"कशाचे?"

"इंग्रजीचे."

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले, आणि मग डबा बंद ठेवावा असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. ही हकीकत दादांनीं आम्हांस दूरध्वनीवरून सांगितली ती गमतीची म्हणून. ती भोंवळ डब्यामुळें आली कीं रक्तदाबाच्या गोळ्यांमुळें, हें डॉक्टरांनींहि छातीठोकपणें सांगितलें नाहीं. पण त्या रात्रीं आम्हीं, आधीं उलटावयास हवें होतें तें पान उलटलें.

२००६ सालीं अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत एका प्रयोगाचा वृत्तांत आला आहे. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या १५३ रुग्णांचे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनीं दोन गट केले. एका गटास दिवसांतून तीनदां तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन दिलें, दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण भुकटी. सहा महिने हा क्रम चालवावयाचा होता. आर्जिनिननें ना धमन्यांचा ताठरपणा कमी झाला, ना हृदयाचें आकुंचन सुधारलें. उलट त्या गटांतील सहा माणसें दगावली. दुसऱ्या गटांत एकहि नाहीं. पुढें रुग्ण घेणें थांबविण्यांत आलें, आणि झटक्यानंतर हें द्रव्य देऊं नये असा संशोधकांनीं निष्कर्ष काढला.

तीनदां तीन-तीन ग्रॅम. आम्हीं वहिनींस लावून दिलेलें माप तेंच होतें.

प्रयोग लहान होता, सहा ही संख्या थोडी आहे, आणि त्यांत योगायोगाचा भाग असूं शकेल, हें आम्हांस कळतें. परंतु जें औषध घेऊन लाभ कांहींच दिसत नाहीं, त्यापासून अपायाची शंकाहि पुरेशी आहे. पुढच्या वर्षीं, म्हणजे २००७ सालीं, पायांच्या धमन्या आखडलेल्या १३३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिने रोज तीन ग्रॅम आर्जिनिन घेणाऱ्यांचें चालणें निर्गुण भुकटी घेणाऱ्यांहून कमीच सुधारलें. कांहीं अल्पकाळाच्या प्रयोगांत आर्जिनिननें रक्तदाब थोडा उतरतो असें आढळलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. पण आंकडा थोडा उतरणें आणि मरण टळणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

तर्क चुकला कोठें? तो दादांनीं ओट्यावर बसून सांगितला तेथेंच. पेशींच्या आंत आर्जिनिनचा सांठा मुळांतच गरजेहून कितीतरी अधिक असतो. विहीर भरलेलीच असते. थकलेला असतो तो बैल, म्हणजे आर्जिनिनपासून वायु बनविणारें विकर. वय, मधुमेह, तंबाखू, वाढलेला रक्तदाब यांनीं अस्तर रोगट झालें, कीं या विकरास लागणारें साहाय्यक द्रव्य कमी पडतें. मग तें वायूऐवजीं ऑक्सिजनचें एक दाहक रूप बाहेर टाकूं लागतें, आणि तें उरल्यासुरल्या वायूचाहि नाश करतें. अशा बैलाला पराणी टोंचून काय होणार? त्यांतून, तोंडानें घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आंतडीं आणि यकृत हींच वाटेंत फस्त करतात. म्हणून अलीकडे सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा बोलबाला आहे. जपानी शास्त्रज्ञांनीं १९१४ सालीं तें कलिंगडांतून काढलें, आणि पुढें त्यास कलिंगडाच्याच लॅटिन नांवावरून नांव मिळालें. तें यकृताच्या तडाख्यांतून सुटतें, मूत्रपिंडांत त्याचें आर्जिनिन होतें, आणि रक्तांतील आर्जिनिन त्यानें अधिक वाढतें, हें खरें. पण त्यानें हृदयविकाराचे झटके टळतात असें एखाद्या मोठ्या प्रयोगानें दाखविलेलें नाहीं. विहीर दुसऱ्या बाजूनें भरली, इतकेंच.

पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो; आम्हींहि मग आणखी वाचलें. त्यांत एक मौजेची गोष्ट आढळली. हा वायु मिळविण्याची शरीरास दुसरीहि एक वाट आहे. पालेभाज्या, मुळा, बीट यांत नायट्रेट नांवाचे क्षार भरपूर असतात. ते पोटांतून रक्तांत जातात, रक्तांतून लाळेंत येतात, आणि जिभेवर वस्ती करून असलेले जंतु त्यांचें नायट्राइट करतात. तें पुन्हा गिळलें गेलें कीं त्यापासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड निर्माण होतो. जंतुनाशक औषधानें चुळा भरून त्या जंतूंचा उच्छेद केला तर हा व्यापार मंदावतो. लंडनमधील २०१५ च्या एका प्रयोगांत रक्तदाबाच्या रुग्णांनीं चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बिटाचा रस घेतला, तेव्हां त्यांचा वरचा रक्तदाब सुमारें आठ अंशांनीं उतरला. रस बंद होतांच तो पुन्हा पूर्वपदावर आला. आम्हीं हें वहिनींस सांगितलें. त्या म्हणाल्या, "म्हणजे चाकवत आणि तांदुळजा. भाऊजी, हें सांगायला लंडन कशाला?"

वहिनींचें म्हणणें शास्त्र म्हणून अपुरें असेल. तरी त्यास आमच्याच जिल्ह्यांतला आधार आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची आणि पुढें त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षें पाहणी केली. मधुमेह आणि हृदयविकार यांचीं मुळें गर्भावस्थेपर्यंत जातात काय, हा त्यांचा प्रश्न होता. हिरव्या पालेभाज्या आणि फळें अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं बाळें जन्मतः आकारानें मोठीं असतात, असें त्यांस आढळलें. त्यांत त्यांनीं कोणाला डबा दिला नव्हता. बायका घरांत काय खातात एवढेंच विचारलें होतें.

याच मंडळींच्या दुसऱ्या एका पाहणीनें आम्हांस स्वतःच्या दारांत आणून उभें केलें. होमोसिस्टीन म्हणून आणखी एक अमिनो आम्ल आहे. तें रक्तांत वाढलें कीं धमन्या बिघडतात, असा विचार किल्मर मॅकुली या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६९ सालीं मांडला. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें कीं हें द्रव्य वाढतें. आणि तें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मांस यांतच मिळतें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत खेड्यांतील, झोंपडपट्टींतील आणि शहरी मध्यमवर्गांतील मिळून ४४१ पुरुष होते. त्यांपैकीं शेंकडा ६७ जणांत ब-१२ कमी होतें, आणि शेंकडा ५८ जणांत होमोसिस्टीन वाढलेलें होतें. आणि यांत शहरी मध्यमवर्गाचा आंकडा काय? अनुक्रमें ८१ आणि ७९! पुस्तकांनीं भिंती भरलेल्या घरांतील रक्त असें निघावें, हें वाचून आम्हीं स्वतःचें रक्त तपासून घेतलें. आमच्या घरीं वारकऱ्याची माळ पिढीजात. मांस-अंडें वर्ज्य, आणि दूध चहापुरतें. दोन्ही आंकडे वाचकांनीं तर्कानें ओळखावे तसेच निघाले.

येथेंहि तोच सोपा तर्क पुढें येऊन उभा राहिला: जीवनसत्त्व घ्या, होमोसिस्टीन उतरेल, हृदय वांचेल. पहिलीं दोन वाक्यें खरीं आहेत. तिसऱ्याची परीक्षा २००६ सालींच झाली. ५,५२२ रुग्णांच्या एका मोठ्या प्रयोगांत आणि नॉर्वेंतील झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगांत जीवनसत्त्वांनीं होमोसिस्टीन उतरलें, पण हृदयाचे विकार व मृत्यु मिळून कमी झाले नाहींत. धूर दिसतो तेथें विस्तव असतो. पण धूर पंख्यानें घालविल्यास विस्तव विझत नाहीं. आमच्या डॉक्टरांनीं आम्हांस ब-१२ दिलें तें मज्जातंतु व रक्त यांसाठीं, आणि हृदयाचें वचन त्यांनीं दिलें नाहीं. त्यांच्या या न दिलेल्या वचनाबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो. डब्यावर असा प्रामाणिकपणा छापीत नाहींत.

आतां कोनाड्यांतील त्या दुसऱ्या वस्तूविषयीं. ती होती दादांची तंबाखूची चंची. आम्हीं आर्जिनिनचा डबा दिला तेव्हां वहिनींनीं तो त्या चंचीच्या शेजारीं ठेवला, आणि आम्ही तें पाहत होतों. धमनीच्या अस्तराचा तंबाखूएवढा उघड वैरी दुसरा नाहीं; ज्या अस्तराची थोरवी आम्हीं घटकाभर ओट्यावर गायिली, त्याचाच तो घात करतो. रुग्णालयांतून सोडतांना डॉक्टरांनीं तो सोडावयास बजावलेंहि होतें. दादांस सोब्रेरोची गोष्ट सांगावयास आम्हांस जीभ होती; "दादा, तेवढी चंची टाका," एवढे चार शब्द मात्र आम्हांस सुचले नाहींत. कां सुचले नाहींत? वडील भावास उपदेश करणें अवघड, हें एक कारण. पण खरें कारण तें नव्हे. डबा विकत मिळत होता. पस्तीस वर्षांच्या ऋणाची एक रक्कम पुण्याहून डब्यांत घालून नेतां येते, ओट्यावर तासभर व्याख्यान देतां येतें, आणि रात्रीच्या आंत पुण्यास परततां येतें. चंचीविषयीं बोलावयाचें तर राहावें लागलें असतें. पहिला आठवडा मनुष्य चिडतो, रात्रीं झोंप येत नाहीं, शेतावर हात आपोआप खिशाकडे जातो; अशा वेळीं शेजारीं कोणीतरी लागतें. तें कोणीतरी होण्यापेक्षां डबा स्वस्त होता, त्याची किंमत कितीहि असली तरी.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही अवसरीस वीस दिवस राहिलों. इतके दिवस सलग तेथें राहण्याचा प्रसंग आई गेल्यापासून आला नव्हता. रोज सकाळीं दादांबरोबर शेतापर्यंत चालत जात असूं. चालतांना रक्ताचा वेग वाढतो, त्याच्या घर्षणानें अस्तर जागें होतें, आणि तो वायु अधिक सुटतो, असें शास्त्र सांगतें. पण या खेपेस आम्हीं तें दादांस सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं बांधावर बसलों असतां त्यांनीं चंची काढली. आम्हीं हात पुढें केला. दादांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, "तुला पाहिजे?"

"मला नको. तुम्हांलाहि नको," आम्हीं म्हटलें.

दादा बराच वेळ समोरच्या उंसाकडे पाहत राहिले. मग चंची आमच्या हातावर ठेवून म्हणाले, "तूं कधीं बोलला नाहींस. मला वाटलं, शास्त्रांत चालत असेल."

हें वाक्य आम्ही पुण्यास घेऊन आलों आहों, आणि त्यावर आम्हांजवळ उत्तर नाहीं. दादांची तंबाखू पुरती सुटली असें म्हणवत नाहीं. मध्यंतरीं एका लग्नांत ती पुन्हा तोंडांत आली असें वहिनींकडून कळलें. आम्ही आतां दर पंधरवड्यास जातों, आणि गेलों कीं आधीं कोनाडा पाहतों. चंची तेथें नसते. डबा मात्र अजून आहे. वहिनींनीं आंतली भुकटी टाकून देऊन तो स्वच्छ धुतला, आणि त्यांत भाजलेले शेंगदाणे भरून ठेवले आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें तीन ग्रॅम आर्जिनिन असतें. म्हणजे डब्यावरचा मजकूर आतांहि अगदींच खोटा ठरलेला नाहीं. परवां गेलों तेव्हां दादांनीं त्यांतून मूठभर दाणे काढले, अर्धे आमच्या ओंजळींत घातले, आणि आम्ही दोघे शेताकडे चालूं लागलों.